बंबावरचा माणूस

भोंगा वाजवीत आगीचा बंब रस्त्याने जाऊ लागला म्हणजे लहानथोर सारे खिडकीशी धावतात. तो दृष्टीआड होईतो आपण पाहतो आणि पुन्हा आपापल्या कामास लागतो. त्या बंबावर बसलेल्या माणसास काय काय यावे लागते, याचा विचार मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच केला असेल. मीही केला नव्हता. आयुष्यभर मुलांना अग्नीवर निबंध लिहावयास लावले, पण अग्नीशी ज्याची रोजची गाठ त्या माणसाविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. दोन उन्हाळ्यांमागे आमच्या पलूस गावी, आमच्याच आळीत, एका शेजाऱ्याच्या घरास आग लागली, तेव्हा माझे डोळे उघडले. त्या दिवशी माझ्या हातून एक चूकही घडली. ती शेवटी सांगेन.

बंबावरून उतरलेल्या चौघांपैकी एक माझा जुना विद्यार्थी निघाला. वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि गणितात त्याची गाडी नेहमी अडे. त्या दिवशी मात्र त्याचे वागणे पाहून मी थक्क झालो. भोवती माणसे ओरडत होती, बादल्या घेऊन धावत होती. तो धावला नाही. त्याने आधी घराला एक फेरी घातली, धूर कोठून निघतो आणि कोणत्या रंगाचा आहे ते पाहिले, आत कोणी आहे काय हे घरच्या बाईंना दोनदा विचारले, विजेची तार तोडून घेतली, गॅसची टाकी कोठे आहे याची चौकशी केली, आणि मगच नळीला हात घातला. मला वाटले, हा वेळ दवडतो आहे. पुढे त्याच्याकडूनच कळले की, हेच त्याच्या विद्येचे पहिले कलम. पाहिल्यावाचून आत जाणारा माणूस दुसऱ्याला वाचवीत नाही. वाचवावयाच्या माणसांत आणखी एकाची भर घालतो.

या विद्येचे पुढचे धडेही असेच धीराचे आहेत. बंद दार एकदम उघडावयाचे नाही. हाताची पाठ लावून ते किती तापले आहे हे आधी पाहावयाचे, कारण कोंडलेल्या खोलीत विस्तव हवेसाठी आसुसलेला असतो आणि दार सताड उघडताच ज्वाळा अंगावर येते. धुरात उभे राहावयाचे नाही. धूर वर चढतो आणि जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात स्वच्छ राहते, म्हणून गुडघ्यांवर, भिंतीचा हात न सोडता सरकावयाचे. एकट्याने कधीच जावयाचे नाही. दोघांनी जावयाचे आणि दोघांनीच परतावयाचे. पाठीवरच्या टाकीतली हवा साधारण अर्धा तास पुरते, पण श्रम वाढले की ती लवकर सरते. तेव्हा परतीच्या वाटेपुरती हवा शिल्लक आहे तोवरच माघारी वळावयाचे, मग काम अर्धे राहिले तरी बेहत्तर. तरण्या रक्ताला माघारी वळावयास शिकविणे, हेच शिकविणाऱ्याचे खरे कसब असले पाहिजे.

पाणी मारणे हेही दिसते तितके सोपे नाही. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे लिटर जागा व्यापते. कोंडलेल्या खोलीत बेसुमार पाणी ओतले तर ती वाफच आतल्या माणसास भाजून काढील. तेलाच्या आगीवर पाणी टाकले तर पेटलेले तेल उडून आग पसरते. तेथे फेस लागतो. विजेचा प्रवाह चालू असताना पाणी मारणे म्हणजे आपल्या हाताने मृत्यूला बोलावणे. कडब्याची गंजी किंवा कापसाची गाठ वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते. म्हणून आग विझल्यावर तास-दोन तास ढिगारा उकरीत बसावे लागते. बघ्यांची गर्दी तोपर्यंत पांगलेली असते.

आता थोडे गणित करू. समजा, बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी आहे आणि नळीतून मिनिटास साडेचारशे लिटर पाणी जाते. तर ते किती वेळ पुरेल? अवघी दहा मिनिटे. अकराव्या मिनिटाला पाणी कोठून आणावयाचे, हे पहिल्याच मिनिटाला ठाऊक असावे लागते. आमच्या भागात विहिरी पुष्कळ आहेत, पण पंपाचीही एक मर्यादा आहे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो फार तर दहा मीटरपर्यंत ढकलू शकतो. प्रत्यक्षात सात-आठ मीटरांपलीकडे काम होत नाही. याहून खोल गेलेल्या विहिरीच्या काठी बंब उभा केला तर पाणी डोळ्यांना दिसेल, पण हाती लागणार नाही. शेजारच्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली. तेथे आधी लोखंडी नांगर आणि पुढे पंप होऊ लागले, त्यामुळे आमच्याकडे पोरासोरांनाही पंपाची माहिती असते. तरीही आपल्या आळीजवळची कोणती विहीर उन्हाळ्यात किती खोल जाते, असे विचारले तर उत्तर देणारा क्वचितच भेटेल. बंबावरच्या माणसास मात्र ते ठाऊक असावे लागते. आग नसते त्या दिवसांतच त्याचे अर्धे काम होते. गल्ल्या पायी फिरून पाहणे, नळ्या वाळवून गुंडाळणे, अंधारात नुसत्या स्पर्शाने गाठी मारण्याचा सराव करणे, शिडीवर चढणे, हे त्याचे रोजचे पाठांतर होय.

एवढी तयारी असूनही प्रसंग असा येतो की, जेथे विद्या थकते आणि निष्ठाच उरते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजास आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके अशी त्या जहाजाची अवस्था होती. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. जवान पाणी मारीत राहिले, पण आगीचे मूळ सापडेना. चार वाजून गेले आणि जहाज फुटले. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरसाल 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. पुढे 9 मे 2015 रोजी मुंबईतच काळबादेवीला एक जुनी इमारत पेटून कोसळली. त्या आगीत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. सर्वांत वरचा अधिकारीही जवानांबरोबर पुढे उभा असतो, अशी ही नोकरी आहे.

या माणसाचे काम आगीपाशी संपते असेही नाही. विहिरीत पडलेली गाय, मोडलेल्या मोटारीत अडकलेला प्रवासी, पडलेले झाड, खचलेले घर, सारे त्याच्याच वाट्याला येते. आणि पूर आला की पाण्यातही त्यालाच उतरावे लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने आमच्याकडे जे रूप दाखविले ते विसरणे शक्य नाही. 8 ऑगस्ट रोजी आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी पुरातून माणसे नेणारी नाव उलटली आणि बारांहून अधिक जीव गेले. नावेत झेपतील त्याहून अधिक माणसे बसली होती, असे तेव्हा सांगण्यात आले. मी कोणास दोष देत नाही. पाणी उंबऱ्याशी आले असता कोण कोणास नाही म्हणेल? पण मोजून माणसे बसविणे आणि उरलेल्यांना हात जोडून 'पुढच्या खेपेला' असे सांगणे, हेदेखील एक कसब आहे. नुसत्या सद्भावनेने ते येत नाही. त्यासाठी शिकलेला माणूस आधीपासून गावात असावा लागतो.

महाराष्ट्राच्या 1965 च्या नगरपरिषद कायद्याने आग विझविणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे हे नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत गणले आहे. आमच्या पलूसलाही 2016 सालापासून नगरपरिषद लाभली. तेव्हा बंब, माणसे आणि त्यांचे शिक्षण मागण्याचा आपला हक्क आहे, आणि तो आपण बजावलाही पाहिजे. मोठ्या इमारतींसाठी 2006 चा निराळा कायदा आहे. आगीपासून संरक्षण करणारी तेथील साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा, असे तो सांगतो. आपल्या इमारतीचा दाखला शेवटी केव्हा दिला गेला, हे आपण कधी विचारले आहे काय?

हक्काबरोबर आपल्या घराकडेही काही कर्तव्य येते. 101 हा क्रमांक घरातल्या मुलासही पाठ असावा. फोन करताना काय पेटले आहे, आत कोणी आहे काय, आणि जवळची ठळक खूण कोणती, हे शांतपणे सांगावे. मग एकाने रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे. कढईतले तेल पेटले तर पाणी न टाकता आच बंद करावी आणि वर झाकण सरकवावे. गॅसचा वास आला तर विजेच्या बटनास हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात; हा वायू हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. पेटलेल्या खोलीतून बाहेर पडताना दार ओढून घ्यावे. आणि एकदा बाहेर आल्यावर दागिन्यांसाठी किंवा कागदांसाठी पुन्हा आत जाऊ नये.

आता माझी चूक सांगतो. त्या दिवशी आमच्या आळीच्या वळणावर बंब अडला. वळणावर एक मोटार उभी होती आणि तिचा मालक सापडत नव्हता. ती मोटार आमच्या घरची होती. मुलाने ती सकाळी तेथे लावली होती आणि मी ते पाहिलेही होते. 'थोडा वेळच आहे' म्हणून गप्प राहिलो होतो. किल्ली कोठे आहे हे मला ठाऊक नव्हते. अखेर दहा-बारा जणांनी ती मोटार उचलून बाजूस सारली. देवाच्या कृपेने माणसे वाचली. पण शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर आणि माजघर गेले, आणि माजघरातल्या पेटीत त्यांच्या मुलीची शिक्षणाची सारी प्रशस्तिपत्रके होती.

सारे आटोपल्यावर माझा तो विद्यार्थी ओल्या कपड्यांनी माझ्यापाशी आला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "गुरुजी, आग आवरायला धा मिन्टं लागली, त्या कोपऱ्यावरनं वळायला पंधरा." ज्याचे गणित कच्चे म्हणून मी कितीदा रागे भरलो होतो, त्याने मला मांडून दाखविलेले हे गणित होते. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

श्रोतेहो, जीव धोक्यात घालावयास तो तयार आहे, म्हणून त्याचा जीव धोक्यात यावा असे आपण वागू नये. आपल्या निष्काळजीपणाने गमावलेली मिनिटे तो आपल्या प्राणाने भरून काढतो. हे भाषण संपले की एकवार उठून खिडकीशी जा आणि आपल्या दारावरून बंब वळेल काय, तेवढे पाहा. वळत नसेल तर आजच वाट मोकळी करा.