वन्यजीवनाची पुस्तके आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



मी वाणिज्य पदवीधर, कापडाचा व्यापारी. प्राणिशास्त्रावर बोलण्याचा अधिकार नाही. परंतु एक चूक कबूल करावयाची आहे.

माझा नातू प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतो. परीक्षेच्या तोंडावर त्याच्या हाती व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ दिसले आणि ‘गोष्टी नंतर वाच’ म्हणून मी ते काढून घेतले. रात्री स्वतःच वाचले. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष वाचून विचारले, ‘हे खरे का रे?’

तो म्हणाला, ‘आजोबा, १९६० च्या दशकात सुगियामा या जपानी संशोधकांनी धारवाडजवळ हेच नोंदविले. टोळी जिंकणारा नवा नर तान्ही पिल्ले मारतो. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवरून कारण मांडले : पिल्लू गेलेली मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश वाढतो. हे मी पाठ केले होते. समजले मात्र ही गोष्ट वाचून.’

मी निरुत्तर झालो. कापडाचा पोत हात लावल्यावाचून कळत नाही, हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो!

माडगूळकर आपल्याच पूर्वीच्या औंध संस्थानातील माडगूळचे. या पुस्तकाला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. अर्थात कादंबरी हा शास्त्राचा पुरावा नव्हे. वाचलेले प्रत्यक्ष ताडून पाहिले पाहिजे.

म्हणून नम्र सूचना : शिष्यवृत्तीबरोबर ‘सत्तांतर’ किंवा मारुती चितमपल्लींचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ द्यावे. विद्यार्थ्याने यमाईच्या डोंगरावर वही घेऊन बसावे आणि दिसेल ते टिपावे. पहिल्या वर्षाचा खर्च मी आनंदाने उचलीन.