सुई उकिरड्यात येऊ नये म्हणून

(उंब्रज येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या ताईंनी बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम केलं आहे.)



बचत झाली, हिशोब झाला, आता आरोग्याचं बोलू. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पण आरोग्य म्हटलं की आपण हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, बाळाचं लसीकरण एवढंच बोलतो. आज मी दवाखान्यातल्या कचऱ्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "ताई, ते डॉक्टरांचं काम, आमचा काय संबंध?" संबंध असा, की दवाखान्यात झाडलोट कोण करतं? बाईच. घंटागाडीवर आणि कचरा निवडायच्या शेडवर कोण आहे? आपल्याच गटातल्या बाया. आणि उकिरड्यावर शेण टाकायला, शेणी थापायला कोण जातं? आपणच की.

एक खरी गोष्ट सांगते, नाव-गाव सांगत नाही. एका खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या एका बाईला काळ्या पिशवीत हात घालताना सुई टोचली. तिथं सुयांचा वेगळा डबाच नव्हता. तिनं बोटाला चिंधी बांधली आणि काम पुरं केलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर काम जाईल ही भीती. आठ दिवसांनी ती माझ्याकडं आली, तोवर करण्यासारखं पुष्कळसं हातातून गेलं होतं. पुढचे सहा महिने तिनं प्रत्येक तपासणीला जीव मुठीत धरून काढले. नशीब, काही निघालं नाही. पण नशिबावर किती दिवस राहायचं?

वापरलेल्या सुईला जे रक्त लागलेलं असतं, त्यातून तीन मोठे आजार येऊ शकतात: ब कावीळ, क कावीळ आणि एचआयव्ही. ब काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, सात दिवस टिकू शकतो. म्हणजे सुई कोरडी दिसली म्हणून ती निर्धोक नाही.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात 1998 पासून यासाठी नियम आहेत. 2016 साली ते नवीन आणि कडक झाले. त्यांना जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम म्हणतात. ते फक्त मोठ्या हॉस्पिटलला नाहीत. एका खोलीतला दवाखाना, रक्त-लघवी तपासायची लॅब, लसीकरणाचं शिबिर, रक्तदान शिबिर, जनावरांचा दवाखाना, सगळे त्यात येतात. आपल्या गावात गणपतीत मंडळं रक्तदान शिबिरं घेतात, ती पण आली.

रंग चार आहेत. पाठ करून ठेवा, अवघड नाही.

पिवळी पिशवी: रक्ताचा कापूस, ड्रेसिंगच्या पट्ट्या, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं. हे जाळायच्या भट्टीत जातं.

लाल पिशवी: सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या, लघवीची पिशवी, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज. हे वाफेनं निर्जंतुक करून बारीक तुकडे करतात.

पांढरा डबा: सुया, ब्लेड. हा डबा टणक असतो, सुई आरपार येत नाही.

निळा डबा: काचेच्या औषधाच्या बाटल्या, इंजेक्शनच्या फोडलेल्या कुप्या.

हा कचरा 48 तासांच्या आत प्रक्रिया केंद्राच्या गाडीत गेला पाहिजे. घंटागाडीत तो टाकायचाच नाही.

आता तुकडे कशाला करायचे? 2009 साली गुजरातमध्ये मोडासा भागात ब काविळीची मोठी साथ आली. कित्येक माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या, हे तेव्हा उघड झालं. भंगारात गेलेली अख्खी सिरिंज धुवून पुन्हा बाजारात येऊ शकते. म्हणून भंगारवाला सलाईनची बाटली किंवा सिरिंज मागायला आला तर त्याला देऊ नका. दोन रुपये सोडा.

आणखी एक हिशोब सांगते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दवाखान्याच्या 100 किलो कचऱ्यात साधारण 85 किलो साधाच असतो, कागद, खोकी, उष्टं-खरकटं. धोक्याचा फक्त 15 किलो. पण दोन्ही एका पिशवीत टाकले, की दुधात मिठाचा खडा पडावा तसं होतं, सगळाच 100 किलो धोक्याचा. म्हणून कचरा जिथं निघतो तिथंच वेगळा व्हायला पाहिजे. नंतर निवडू म्हटलं, की निवडणारीच्या हाताला सुई लागते.

आपल्या घरात आणि गोठ्यात

फक्त डॉक्टरांकडं बोट दाखवून चालणार नाही. घरी साखरेचा पेशंट असतो, आजोबांना रोज इन्सुलिन लागतं. ती सुई कुठं जाते? फिनेलची नाहीतर हार्पिकची रिकामी जाड बाटली घ्या, तीत सुया टाका, बाटलीवर "सुया" असं लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा. पुढं ती कुठं द्यायची ते उपकेंद्रातल्या सिस्टरांना नाहीतर आशाताईंना विचारा. चुलीत जाळू नका, त्या धुरानं विषारी वायू होतो. ओढ्यात तर अजिबात नको. आपली तारळी कृष्णेला मिळते, आणि कृष्णा पुढं कराडला जाते. आपण टाकलेलं खालच्या गावाच्या दारात जातं.

गोठ्यात म्हशीला इंजेक्शन दिलं, गाईला रेतन केलं, की सुई, मोजा, कुपी शेणात पडते. मग ते शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात, आणि भांगलायला अनवाणी आपण. डॉक्टर आले की सरळ सांगा, "साहेब, सुई आणि मोजा तुमच्या डब्यात घेऊन जा." सांगायला लाजू नका.

पॅडचंही असंच. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे निवडणाऱ्या बाईला न उघडता कळतं. पुण्यात कचरावेचक बायांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली, 2008 मध्ये त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. लाल ठिपक्याचा आग्रह त्याच बायांनी लोकांकडं धरला. आपल्यासारख्याच बाया त्या, पण संघटित.

सुई टोचली तर

घाबरू नका, पण लपवू पण नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच मोठ्या सरकारी रुग्णालयात जा, कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय किंवा साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या जेवढ्या लवकर तेवढ्या चांगल्या, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ब काविळीची लस आहे, ती आधीच घेतलेली बरी. जो दवाखाना असा कचरा हाताळायला लावतो, त्यानं बाईला ब काविळीची आणि धनुर्वाताची लस, हातमोजे, बूट आणि वर्षाला तपासणी दिली पाहिजे, असं नियमातच आहे. हे मागणं म्हणजे उपकार मागणं नाही.

बैठकीत ठराव घ्या

प्रत्येक ग्रामसंघानं येत्या बैठकीत तीन ठराव लिहावेत. एक, आपल्या गटातल्या ज्या बाया दवाखान्यात किंवा घंटागाडीवर आहेत त्यांची यादी करायची आणि कुणाची लस झाली, कुणाची राहिली ते बघायचं. दोन, ग्रामसभेत विषय मांडायचा, की घरातल्या सुया जमा करायला ग्रामपंचायतीनं आरोग्य केंद्राशी बोलून एक दिवस ठरवावा. तीन, घंटागाडीत दवाखान्याची पिशवी दिसली, की आधी त्या डॉक्टरांना नम्रपणे सांगायचं, नाही ऐकलं तर साताऱ्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला ग्रामसंघाच्या लेटरहेडवर लिहायचं. एकटीनं सांगितलं तर तिचं काम जातं. संघानं लिहिलं तर कुणा एकीचं नाव पुढं येत नाही.

पुढच्या बैठकीला येताना लसीची यादी घेऊन या. वाचू आपण एकत्र.