शबय मागा, पण रस्त्यावर नको

बाईक चालवताना हेडफोन लावून ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. आजचा विषय रस्त्याचाच आहे.

शिमग्यात आपल्या कुणकेश्वर-मिठबाव पट्ट्यात पोरं सोंगं घेऊन फिरतात. तोंडाला रंग, मुखवटा, आणि दारोदारी ‘शबय, शबय’. अमेरिकेत 31 ऑक्टोबरला हॅलोविनला साधारण हेच चालतं, फक्त पैशांऐवजी गोळ्या-चॉकलेटं. संशोधकांनी तिथले 1975 ते 2016 चे आकडे तपासले. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या संध्याकाळींपेक्षा त्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका 43 टक्के जास्त निघाला. 4 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी तर तो जवळपास दहापट होता.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. काही पोरं घरी न जाता रस्त्यावर दोरी धरून गाड्या अडवतात. आता साधं गणित बघा. ताशी 40 च्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. ड्रायव्हरला दोरी दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत 20 मीटर. वेग 60 असेल तर 35 मीटरच्या पुढे. हे चांगल्या डांबरी रस्त्यावर! खडी-मातीवर आणि उतारावर आणखी जास्त. त्यात आपले रस्ते अरुंद, वळणाचे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. पोराला बाजूला उडी मारायलासुद्धा जागा नसते.

बाईकवाल्याला काळोखात दोरी दिसतच नाही. ती गळ्याला लागली तर काय होईल ते सांगायला नको. आणि दोरी पोराने मनगटाला गुंडाळली असेल, तर तोही फरफटत जातो.

पुनवेला निदान चांदणं असतं. पण चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो. रंगपंचमीला तो रात्री दहाच्या पुढे वर येतो, म्हणजे पोरं फिरतात तेव्हा काळोखच. समोरून येणारा चाकरमानी मुंबईहून दिवसभर गाडी चालवून दमलेला असतो.

मग करायचं काय? प्रथा बंद करा असं मी म्हणत नाही. शबय मूळची दारात मागायची, तिथेच मागूया. दोरी घरीच ठेवा. सोबत एक मोठं माणूस टॉर्च घेऊन असू दे. मुखवटा दारात लावा, चालताना कपाळावर सरकवा, कारण त्यातून बाजूचं दिसत नाही. सोंग काळं असेल तर पाठीवर चमकणारी रेडियमची पट्टी चिकटवा.

आणि गाडीवाल्यांनो, वाडी आली की वेग 20 वर आणा. एक पोर रस्त्याच्या पलीकडे धावलं, तर मागून दुसरं येणार हे धरूनच चाला. पैसे द्यायचे असतील तर गाडी नीट कडेला लावून, उतरून द्या. चालत्या गाडीतून नाणी फेकू नका, पोरं ती उचलायला चाकाखाली वाकतात.

अपघात झालाच तर 108 ला फोन करा, ॲम्ब्युलन्स येते.

हा एपिसोड होळीच्या आधी तुमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. दोरी धरणारी पोरं त्याच ग्रुपमधल्या कोणाची तरी आहेत. भेटू पुढच्या भागात. येवा, पण सावकाश येवा!