गोळी गावातच मिळावी

डॉक्टर मित्रहो, परिचारिका भगिनींनो आणि आशाताईंनो,

दमणगंगेच्या काठच्या या सिल्वासात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं महाराष्ट्रातून आली होती. तेव्हापासून मराठी पाहुणा इथे घरचाच मानला जातो.

आज आपण जमलो आहोत ते उच्च रक्तदाबावर, म्हणजे बीपीवर बोलायला. हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार, ही समजूत आता सोडायला हवी. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिलं कारण निघालं पक्षाघात. सातांतला एक मृत्यू त्याने झालेला. आणि पक्षाघातामागे सर्वांत मोठा हात बीपीचा. आमच्या वारली, कोकणा, धोडिया पाड्यांवरही लकवा झाला की घरातलं एक कमावतं माणूस कायमचं अंथरुणाला खिळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १८.८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. शंभरातल्या जेमतेम पंधरांचा तो आटोक्यात आहे. औषध महाग म्हणून असं होतं का? नाही. अॅम्लोडिपिन ही रक्तदाबावरची अगदी स्वस्त गोळी आहे. अडतं ते पुढे. इथल्या दुधनी-कौंच्याकडच्या पाड्यांवरच्या माणसाने गोळ्यांसाठी दर महिन्याला दिवसाची मजुरी बुडवायची, आमळी-मसाटच्या कारखान्यातल्या कामगाराने पाळी सोडायची, आणि गेल्यावर गोळ्या संपलेल्या असायच्या. त्यातच बीपी वाढलं तरी त्रास काहीच जाणवत नाही. मग उपचार सुटतो. त्याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

यावर उपाय सापडलेला आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे आरंभीच होते. कोणती गोळी आधी द्यायची आणि केव्हा वाढवायची, हे सर्वांसाठी एकच ठरवलं. साठ्याचा हिशेब आधी लावला. बीपी मोजणं, नोंद ठेवणं हे परिचारिकेच्या हाती दिलं, गोळ्या निदान महिनाभराच्या एकदम दिल्या, न आलेल्याला फोन केला. यात मोठ्या यंत्रसामग्रीची गरज कुठेच नाही.

सिल्वासात आज विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, नमो वैद्यकीय महाविद्यालय आहे. गंभीर रुग्णाला तिथे आधार मिळतोच. मात्र खानवेलपलीकडच्या पाड्यावरचं बीपी आटोक्यात राहील ते गावच्या उपकेंद्रावर.

म्हणून यजमान या नात्याने माझी एकच विनंती आहे. इथून निघण्यापूर्वी आपापल्या भागातल्या प्रत्येक उपकेंद्रावर तीन महिन्यांचा गोळ्यांचा साठा कसा राहील, हे नावानिशी जबाबदारी ठरवून लिहून काढा. आमच्याकडून जी मदत लागेल ती हक्काने मागा.