उपक्रमानंतरचा तास



शाळेचे दैनंदिन जीवन सुधारावे, या हेतूने विद्यार्थ्यांच्या गटाकडून एखादे काम करवून घेण्याची प्रथा प्राथमिक शाळांत आता चांगली रुजली आहे. कोठे मुले परसबाग लावतात, कोठे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहतात, कोठे वर्गाच्या एका कोपऱ्यात वाचनालय मांडतात. कामाला आरंभ होताना उत्साह असतो. काम चालू असताना शाळेत एक प्रकारची सुखद गडबड असते. काम संपले की छायाचित्र निघते, अहवाल रवाना होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पाठ्यपुस्तकाच्या पुढील पानाकडे वळतो. या क्रमात एक तास मात्र राहून जातो. तो म्हणजे झालेल्या कामाकडे मुलांनी मागे वळून पाहण्याचा तास. त्या तासाचे महत्त्व काय आणि तो कसा घ्यावा, हाच या भाषणाचा विषय आहे.

प्रकल्पपद्धतीचा विचार शिक्षणशास्त्रात ज्यांच्या नावाशी जोडला गेला, ते अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली या पद्धतीवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांनी प्रकल्पाच्या चार पायऱ्या मानल्या: हेतू ठरविणे, योजना आखणे, कार्य करणे आणि केलेल्या कार्याचे परीक्षण करणे. आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना पुढे आली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. हात आणि बुद्धी यांची फारकत होऊ नये, हे त्या योजनेचे सूत्र होते. दोन्ही विचारधारांचे मूळ निरनिराळे असले, तरी एका गोष्टीविषयी दोहोंत मतभेद नाही. काम केवळ घडले म्हणजे शिक्षण घडले, असे होत नाही. झाडून काढलेले अंगण दुसऱ्या दिवशी पुन्हा मळते. ते का मळले याचा विचार मुलाने केला, तरच त्या झाडण्याचे शिक्षण होते.

या चौथ्या पायरीचे मोल किती आहे, हे प्रकल्पपद्धतीच्याच इतिहासातील एका प्रकरणावरून फार स्पष्ट होते. अमेरिकेतील मिसूरी राज्यात मॅकडॉनल्ड नावाचा एक ग्रामीण परगणा आहे. तेथील शाळांचे अधीक्षक एल्सवर्थ कॉलिंग्ज यांनी १९२३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. एका खेडेगावातील शाळेत पुस्तकी अभ्यासक्रम बाजूस ठेवून चार वर्षे सर्व शिक्षण मुलांनी स्वतः निवडलेल्या प्रकल्पांतून दिले आणि अन्य शाळांच्या तुलनेत त्याचे फळ उत्तम मिळाले, असे त्यात प्रतिपादन होते. पुस्तकास प्रस्तावना किलपॅट्रिक यांचीच होती. त्यातील विषमज्वराचा प्रकल्प तर जगभर गाजला. शाळेतील काही मुले वर्गात दिसेनाशी झाली. त्यांच्या घरी विषमज्वर पुनःपुन्हा येतो, असे सोबत्यांना कळले. तेव्हा मुलांनी आपण होऊन त्या घरी जाऊन पाहणी केली, पाणी आणि स्वच्छता तपासली, माश्यांचा अभ्यास केला आणि उपायांचा लेखी अहवाल घरधन्यास सादर केला, अशी ती हकीकत होती. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून ती आदर्श म्हणून दीर्घकाळ उद्धृत होत राहिली.

पुढे १९९६ साली मायकेल नोल या जर्मन अभ्यासकाने मूळ कागदपत्रे तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पुस्तकात वर्णिल्याप्रमाणे तो प्रकल्प घडलाच नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता. सिद्धान्ताला शोभेल असे वर्णन रचले गेले होते आणि सुमारे सात दशके शिक्षक त्या वर्णनाशी आपल्या वर्गाची तुलना करीत राहिले.

या घटनेतून घ्यावयाचा बोध प्रकल्पपद्धतीच्या विरुद्ध नाही. मुलांच्या गटकार्याचे मूल्य एका रचलेल्या अहवालाने कमी होत नाही. बोध निराळा आहे. ज्या कथेत मुलांना कोठेच अडचण येत नाही, एकही बेत फसत नाही, कोणीही मधेच कंटाळत नाही, ती कथा शिक्षकाच्या काही उपयोगाची नसते. ती वाचून प्रामाणिक शिक्षकास आपलेच काम हीन वाटू लागते. आणि जो अहवाल केवळ यशाने भरलेला असतो, तो पुढील वर्षी त्याच शाळेत तेच काम हाती घेणाऱ्या शिक्षकास एकही खाचखळगा दाखवीत नाही.

हा प्रश्न आपल्या शाळांपासून दूरचा नाही. उपक्रमांना गुण आणि पारितोषिके मिळतात. २०२३-२४ साली राज्यात झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानातही शाळांचे गुणांकन होते. अशा स्पर्धेने शाळांत चैतन्य येते, हे खरे. परंतु स्पर्धेत सजावट करण्याचा मोहही असतो, हेही तितकेच खरे. मुले चाणाक्ष असतात. बागेतील निम्मी रोपे जळाली असता अहवालात ‘सर्व रोपे जोमाने वाढली’ असे लिहिलेले त्यांनी पाहिले, तर परसबागेच्या उपक्रमातून त्यांना मिळालेला खरा धडा असत्याचा असतो. शंभर रोपे जगली नाहीत तरी शाळेचे फारसे बिघडत नाही. हा एक धडा मात्र जन्मभर पुरतो.

परीक्षणाचा तास प्रत्यक्ष कसा घ्यावा, हे एका साध्या उदाहरणाने पाहता येईल. नव्वद मुलांची एक शाळा आहे, मधली सुटी तीस मिनिटांची आहे आणि पिण्याच्या पाण्यास एकच तोटी आहे, असे समजावे. मुलांच्या गटाने पाण्याची व्यवस्था सुधारण्याचे काम हाती घेतले. पाणी पिण्यास एका मुलास वीस सेकंद लागतात असे मोजले, तर नव्वद मुलांना अठराशे सेकंद, म्हणजे सबंध सुटी लागते. दुसरी तोटी बसविली, तर हिशेबाने पंधरा मिनिटांत काम उरकावे. दर मुलास अर्धा लिटर पाणी धरले, तर रोज पंचेचाळीस लिटर, म्हणजे पंधरा लिटरांचे तीन माठ भरावे लागतील. हा झाला बेत. तोटी बसली, माठ आले. वेळापत्रक भिंतीवर लागले. येथे बहुधा उपक्रम संपतो.

वस्तुतः शिक्षणास येथून आरंभ होतो. एका महिन्यानंतर गटाने वर्गापुढे पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पहिला, काय ठरले होते? दुसरा, प्रत्यक्ष काय झाले? हे उत्तर अंदाजाने देऊ नये, मोजून द्यावे. रांग पंधरा मिनिटांत संपते की वीस? तिसरा, फरक का पडला? कदाचित मोठी मुले आधी घुसत असतील आणि पहिलीतील मुले पाणी न पिताच वर्गात परतत असतील; हिशेबात तोट्या मोजल्या, पण मुलांची उंची मोजावयाची राहिली असेल. चौथा, या कामात श्रम कोणाचे झाले आणि लाभ कोणास मिळाला? पाचवा, आता काय बदलावयाचे, ते कोणी आणि केव्हापर्यंत?

यांपैकी चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तोच कधीही वगळू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या शालेय जीवनाची आठवण लिहून ठेवली आहे. इतर मुलांना तहान लागली, तर गुरुजींची परवानगी पुरेशी असे. त्यांना मात्र नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला की तहानेलेच राहावे लागे. त्या शाळेत पाण्याची सोय नव्हती असे नाही. नळ होता, पाणी होते, शिपाईही होता. व्यवस्था होती, पण ती कोणासाठी आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सर्व मुलांसाठी सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी शाळेत असणे आवश्यक ठरविले. तरीही माठ रोज कोणी घासला, झाडू कोणाच्या हाती राहिला, मुलींकडे सारवण आणि मुलांकडे हिशेबाची वही अशी वाटणी नकळत झाली का, वाड्यावस्तीवरून येणारे मूल गटात नावापुरतेच होते का, हे तपासल्यावाचून शालेय जीवन सुधारले असे म्हणता येणार नाही. वेळापत्रकावरील नावे महिन्याच्या अखेरीस मोजली, की उत्तर आपोआप समोर येते. आकडे कोणावर आरोप करीत नाहीत. ते फक्त दाखवितात.

या तासात शिक्षकाचे स्थान कोणते असावे? त्याने सर्वांत शेवटी बोलावे. आरंभीच त्याचे मत कळले, तर मुले तेच मत निरनिराळ्या शब्दांत परत करतील. लहान आणि अबोल मुलांना आधी बोलू द्यावे. चर्चा कामाची व्हावी, व्यक्तीची होऊ नये. ‘रांग मोडली’ असे फळ्यावर लिहावे. ‘अमक्याने रांग मोडली’ असे लिहू नये. चूक सांगणाऱ्या मुलास शिक्षा तर नकोच, पण उपरोधाचा एक शब्दही नको. तो एक शब्द पुढील सर्व तास मुके करील. आणि मुलांनी शिक्षकाच्याच योजनेतील उणीव दाखविली, तर ती इतर उणिवांच्या बरोबरीने फळ्यावर लिहिली जावी. सत्य सर्वांना सारखेच लागू आहे, हे मुलांना त्या दिवशी जितके पटेल, तितके मूल्यशिक्षणाच्या अनेक पाठांनी पटणार नाही.

यासाठी वेळ कोठून काढावा, अशी शंका स्वाभाविक आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग एकाच वेळी सांभाळावे लागतात, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु हा तास अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाही. पहिली-दुसरीची मुले झालेले काम चित्रातून सांगतात, तिसरी-चौथीची पाच-सहा वाक्ये लिहितात, वरच्या वर्गातील मुले कोष्टक मांडून सरासरी काढतात. हे भाषेचे आणि गणिताचेच काम आहे. निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसविणे एरवी अडचणीचे वाटते. येथे तीच सोय ठरते. मोठ्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट पहिलीतील मूल सांगून जाते, कारण रांगेच्या शेवटी तेच उभे असते.

उपक्रमासाठी एक साधी वही असावी. डाव्या पानावर ‘ठरले ते’ आणि उजव्या पानावर ‘झाले ते’, एवढीच तिची रचना पुरे. मुलांनी ती आपल्या अक्षरात लिहावी. शुद्धलेखन तपासावे, पण मजकूर गोड करू नये. वरिष्ठांकडे जाणारा अहवाल याच वहीवरून तयार व्हावा. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी शाळेस भेट देतील, तेव्हा त्यांनीही यशाच्या यादीबरोबरच ‘काय साधले नाही आणि त्यापासून काय उमजले?’ असे आवर्जून विचारावे. अपयश नोंदविणाऱ्या शाळेचे गुण कापले जाणार असतील, तर अपयश नोंदविले जाणार नाही. ते फक्त लपविले जाईल. खऱ्या नोंदीला मान मिळू लागला, की शिक्षकाच्या मनावरील सजावटीचे ओझे उतरेल आणि त्याचे श्रम मुलांकडे वळतील.

गावाचा कारभार उद्या याच मुलांच्या हाती जावयाचा आहे. ग्रामसभेत नळयोजनेचा हिशेब विचारणारा नागरिक एकाएकी निर्माण होत नाही. ‘काय ठरले होते, काय झाले, श्रम कोणाचे झाले आणि पाणी कोणास मिळाले?’ हे प्रश्न निर्भयपणे आणि कटुता न आणता विचारण्याची सवय त्यास शाळेतच लागावी लागते. या सत्रात ज्या शाळेत कोणताही उपक्रम पुरा होईल, तेथे त्याचे छायाचित्र काढण्यापूर्वी मुलांसाठी चाळीस मिनिटे राखून ठेवावीत. माठ फुटतील, रोपे सुकतील, भिंतीवरील तक्ते फाटतील. पण केलेल्या कामाकडे प्रामाणिकपणे पाहण्याची दृष्टी मुलांना लाभली, तर शाळेचे जीवन खऱ्या अर्थाने सुधारले, असे समजण्यास हरकत नाही.