गुडघ्याला बाशिंग बांधलेले वीस जण



मला आज अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलायला सांगितलंय. पण जिचे निकाल आपण रात्रभर मोबाइलवर बघत बसतो, त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीवर मी फारसं बोलणार नाही. मला बोलायचंय तिच्या आधीच्या वर्ष-दीड वर्षाबद्दल. पक्षाचा उमेदवार ठरलेला नसतो, इच्छुकांनी गुडघ्याला बाशिंग बांधलेलं असतं आणि जो तो आपली फिल्डिंग लावत असतो, त्या काळाबद्दल. कारण तो मी जवळून पाहिला. २०१९ साली कंपनीनं मला आयोवा राज्यात, डे मॉइन शहरात पाठवलं होतं. विमा कंपन्यांचं शहर, त्यामुळे आपल्यासारखे सॉफ्टवेअरवाले तिथे पुष्कळ. मला अर्थातच मताचा अधिकार नव्हता. पण त्या वर्षी आयोवात राहून राजकारण चुकवणं म्हणजे पंढरपुरात राहून आषाढी चुकवणं.

आपल्याकडे तिकीट कसं मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. मुंबईत नाहीतर दिल्लीत यादी होते आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारी एबी फॉर्म कुणाच्या तरी खिशातून बाहेर येतो. तिथे पक्षाचा उमेदवार पक्षाचे सामान्य मतदार ठरवतात. एकेका राज्यात, पुढेमागे, जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हे मतदान चालतं. त्याला प्रायमरी म्हणतात. आयोवात तेव्हा प्रायमरीच्या जागी कॉकस असायचा, म्हणजे शेजारीपाजारी एका सभागृहात जमून उघड उघड बाजू घेणार. १९७२पासून पहिला नंबर आयोवाचा. लोकसंख्या साधारण ३१ लाख, बहुतेक गोरे, मका आणि डुकरं यांचा प्रदेश. पक्षाच्या अधिवेशनात या राज्याचे प्रतिनिधी शंभरात जेमतेम एक. तरी सगळे तिथे धावायचे, कारण पहिल्या निकालानं हवा तयार होते.

२०२०च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षात वीसच्या वर इच्छुक उभे राहिले. जॉन डेलनी यांनी तर जुलै २०१७मध्येच, म्हणजे ट्रम्प यांना सत्तेवर येऊन सहा महिने झाले होते तेव्हाच घोषणा केली. आयोवात ९९ काउंटी आहेत. हे गृहस्थ सगळ्या ९९ फिरून आले. आणि पहिलं मत पडायच्या तीन दिवस आधी, ३१ जानेवारी २०२०ला, त्यांनी माघार घेतली. कास्त्रो, वॉरन, हॅरिस, बुकर, क्लोबुचर, सँडर्स हे सगळे २०१९च्या पहिल्या दोन महिन्यांत उतरले. बायडन सर्वांत नावाजलेले, ते आले २५ एप्रिलला, सगळ्यात उशिरा येणाऱ्यांपैकी. ज्याचं नाव आधीच घरोघरी पोचलंय त्याला घाई नसते.

इतक्या लोकांना वादविवादाच्या व्यासपीठावर बसवायचं कसं? पक्षानं चाळणी लावली. पहिल्या वादविवादासाठी तीन जनमत चाचण्यांत किमान १ टक्का, किंवा ६५ हजार वेगवेगळे देणगीदार. तरीही वीस जण पात्र ठरले, म्हणून जून २०१९मध्ये मायामीत दोन रात्री दहा-दहांचे गट करावे लागले. सप्टेंबरच्या वादविवादासाठी अट वाढली: १ लाख ३० हजार देणगीदार आणि चार चाचण्यांत २ टक्के, दोन्ही हवं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळे जाणतात. ज्या आकड्यावर पगारवाढ ठरते तो आकडा वाढतो. काम वाढतंच असं नाही. इथे तेच झालं. देणगी किती यापेक्षा देणगीदार किती हे महत्त्वाचं ठरल्यावर उमेदवार एकेक डॉलर मागत सुटले. डेलनींनी जाहीर केलं की प्रत्येक नव्या देणगीदारामागे मी दोन डॉलर धर्मादाय संस्थेला देईन. एक डॉलर घ्यायला दोन डॉलर मोजायचे! टॉम स्टायर नावाचे अब्जाधीश जुलैत उतरले, जाहिरातींवर पैसा ओतला आणि ऑक्टोबरच्या मंचावर पोचले. न्यूयॉर्कच्या सिनेटर कर्स्टन जिलिब्रँड मात्र सप्टेंबरची चाळणी पार करू शकल्या नाहीत आणि ऑगस्टच्या अखेरीस घरी गेल्या. अँड्र्यू यँग यांनी तर मंचावरूनच जाहीर केलं की दहा कुटुंबांना वर्षभर महिना हजार डॉलर देतो.

ऑगस्टमध्ये डे मॉइनला राज्याची जत्रा भरते. आख्खी लोण्याची गाय, मक्याची कणसं आणि काडीला टोचलेले डुकराच्या मांसाचे तुकडे. राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणारे लोक अ‍ॅप्रन बांधून तेच मांस भाजत फोटो काढून घेतात. स्थानिक वर्तमानपत्र एक छोटासा मंच घालतं, प्रत्येकाला वीस मिनिटं. मी कणीस खात तिथे उभा होतो. समोरची माणसं शेतमालाचे भाव, औषधांच्या किमती, मुलीच्या कॉलेजचं कर्ज असं थेट तोंडावर विचारत होती. आपल्याकडे आमदाराला भेटायला त्याच्या पीएच्या पाया पडावं लागतं, आणि इथे उद्याचा राष्ट्राध्यक्ष घाम पुसत एका शेतकऱ्याचं ऐकून घेतोय. तो चांगला माणूस होता म्हणून नव्हे. त्याला त्या माणसाची गरज होती म्हणून. सहा महिन्यांनी ती गरज उरत नाही.

आता आपल्या विषयाकडे येतो. अमेरिकेत मुसलमान किती? प्यू संस्थेच्या २०१७च्या अंदाजानुसार साधारण ३४.५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या १.१ टक्के. नोव्हेंबरमध्ये एक टक्क्याला कोण विचारतो? एखाद्या अटीतटीच्या राज्यात विचारतात. २०१६ला मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले, आणि मिशिगनमध्ये अरब व मुस्लीम मतदार बरेच आहेत. बाकी ठिकाणी नाही. पण वीस जणांच्या गर्दीत प्रत्येकाला दोन टक्क्यांची भूक असते, तेव्हा एक टक्क्यालाही किंमत येते. असं माझं गणित होतं.

गणित अर्धं चुकलं. ऑगस्ट २०१९च्या अखेरीस ह्यूस्टनला इस्लामिक सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिकाचं वार्षिक अधिवेशन होतं. त्या देशातल्या मुसलमानांच्या सगळ्यात मोठ्या मेळाव्यांपैकी एक. व्यासपीठावर आले दोन उमेदवार, बर्नी सँडर्स आणि हुलियान कास्त्रो. बाकीच्यांना सवड झाली नाही. सँडर्स यांना २०१६मध्येच मिशिगननं दाखवून दिलं होतं की ही मतं खरी आहेत, आणि त्यांचे प्रचारप्रमुख फैझ शाकिर स्वतः मुसलमान. कास्त्रो चाचण्यांत एक-दोन टक्क्यांवर होते. गमावण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. सँडर्स तिथे काश्मीरमधल्या संपर्कबंदीबद्दलही बोलले. सभा इथली असती तर त्यावरून आठवडाभर टीव्हीवर काय झालं असतं याची कल्पना करा. थोडक्यात, आघाडीवरचे आपल्याकडे यायला बिचकतात आणि मागे पडलेल्यांना यावंच लागतं. यात मला कुणाचाही मोठेपणा दिसत नाही.

पण उरलेलं अर्धं गणित बरोबर निघालं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ट्रम्प यांनी काही मुस्लीमबहुल देशांतून येणाऱ्यांवर घातलेली प्रवेशबंदी तुम्हाला आठवत असेल. एप्रिल २०१९मध्ये ती उठवण्याचं विधेयक संसदेत आलं आणि सिनेटमधले एकेक इच्छुक त्यामागे उभे राहिले. गर्दीत असंच होतं. एकानं हो म्हटलं की दुसऱ्याला गप्प बसणं परवडत नाही. हळूहळू ते आश्वासन एका उमेदवाराचं राहिलं नाही, पक्षाचं झालं. ह्यूस्टनला जे आले नव्हते त्या बायडन यांनी जुलै २०२०मध्ये मुस्लीम मतदारांच्या एका ऑनलाइन मेळाव्यात तोच शब्द दिला. भाषणात एक हदीसही आणली. हदीस सांगायला पैसे पडत नाहीत. पण २० जानेवारी २०२१ला, पदावर बसल्याच्या पहिल्याच दिवशी, त्यांनी बंदी उठवणाऱ्या आदेशावर सही केली, आणि ती सही गर्दीच्या दिवसांत मागितली गेली होती.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुम्हाला फसवतोय. चार वर्षं मागे जा. २०१५मध्ये रिपब्लिकन पक्षात १७ मोठे इच्छुक होते. पहिल्या वादविवादात दहा मुख्य मंचावर, उरलेले सात आधी वेगळ्या सत्रात. एवढ्या गोंगाटात आवाज कसा ऐकू जावा? सप्टेंबरमध्ये बेन कार्सन म्हणाले की मुसलमानाच्या हाती देश सोपवावा असं मी म्हणणार नाही. ७ डिसेंबरला ट्रम्प यांनी सगळ्याच मुसलमानांना देशात येऊ देऊ नका अशी मागणी केली. प्रतिस्पर्ध्यांपैकी काहींनी निषेध केला, काहींनी शब्द जपून वापरले. न्यू हॅम्पशायरमध्ये ट्रम्प यांना ३५ टक्के मतं. साउथ कॅरोलायनात साडेबत्तीस टक्के, आणि त्या राज्याचे सगळेच्या सगळे ५० प्रतिनिधी. दोन तृतीयांश मतदार दुसरीकडे होते, पण ते पाच जणांत वाटले गेले होते आणि पाचांतल्या प्रत्येकाला वाटत होतं की इतर चौघांनी घरी जावं. म्हणजे गर्दी आपला प्रश्न पुढे आणते, तशी आपल्यालाच प्रश्न बनवणाऱ्यालाही पुढे आणते.

डेमोक्रॅट यातून शिकले असं म्हणायला जागा आहे. २९ फेब्रुवारी २०२०ला बायडन साउथ कॅरोलायना जिंकले, आणि दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचर दोघांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. लगेच ३ मार्चला १४ राज्यांत मतदान होतं, त्यातली दहा बायडन यांनी घेतली. पुढे बुटिजेज परिवहनमंत्री झाले. बायडन यांच्यावर पहिल्याच वादविवादात तुटून पडलेल्या आणि मतदानाआधीच डिसेंबरमध्ये बाहेर गेलेल्या कमला हॅरिस उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. तेव्हा शर्यतीतले सगळेच पहिल्या नंबरासाठी पळत नसतात. आपल्याकडे बंडखोर अर्ज मागे घेतो आणि पुढे महामंडळ मिळवतो, त्यातलाच प्रकार.

आता त्या रात्रीबद्दल. ३ फेब्रुवारी २०२०, सोमवार, संध्याकाळचे सात, बाहेर बर्फ. आमच्या भागाचा कॉकस एका शाळेच्या व्यायामशाळेत होता आणि मला बघ्यांच्या खुर्च्यांत बसू दिलं. एकेका कोपऱ्यात एकेका उमेदवाराची माणसं. ज्या गटात १५ टक्क्यांहून कमी लोक, तो बाद. त्यातल्या लोकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं किंवा घरी. यँग यांच्या गटात मूठभर जण होते. ते बाद ठरल्यावर तीन कोपऱ्यांतून शेजारी त्यांच्याकडे धावत आले. एक आजी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. दहा मिनिटं त्या मूठभरांइतकं महत्त्वाचं त्या शाळेत कुणीच नव्हतं.

त्या दिवशी ज्यांना संध्याकाळी जमत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या वेळचे, वेगळ्या जागांचे कॉकस ठेवले होते. त्यातले काही मशिदींत झाले आणि तिथे सँडर्स यांना भरभरून मतं पडली. ऑटम्वा गावात डुकराचं मांस कापणाऱ्या कारखान्यातले, बहुतेक इथिओपियातून आलेले पंधरा कामगार पाळीवर जाण्याआधी दुपारी जमले. चौदा सँडर्सकडे, एक वॉरनकडे. देशातलं २०२०च्या निवडणुकीचं सगळ्यात पहिलं मत मोजलं गेलं त्यांत हे पंधरा जण होते. जाता जाता सांगतो, अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधलेली आणि अजून उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत याच आयोवात आहे, सीडर रॅपिड्स गावात, १९३४ची. गावातल्या शाळेसारखं छोटं घर, वर घुमट. तिथे एका रविवारी गेलो होतो.

रात्री निकालच लागला नाही. आकडे पाठवायला जे अ‍ॅप केलं होतं ते घाईत, पुरेशी चाचणी न करता. आकडे आत बरोबर जात होते, बाहेर अर्धेच येत होते. माझे ऑफिसातले सोबती दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बसले होते, जणू चूक आम्हीच केली होती. त्या वर्षी पहिल्यांदाच प्रत्येकाची पसंती कार्डावर लिहून घेतली होती, म्हणून मोजणी करता आली. काही दिवसांनी कळलं: बुटिजेज आणि सँडर्स जवळपास बरोबरीत, बायडन चौथे. पुढे डेमोक्रॅटांनी आयोवाचा पहिला नंबरच काढून घेतला आणि २०२४ला तो साउथ कॅरोलायनाला दिला.

परत आल्यावर मी आमच्या गावात एक प्रयोग केला. आपल्या मोहल्ल्यात दर निवडणुकीत एकच सल्ला मिळतो: मतं फुटू देऊ नका. तो मिळतो तेव्हा उमेदवार ठरलेले असतात, विचारायचं काही शिल्लक नसतं. म्हणून गेल्या नगरपालिकेच्या वेळी, यादी लागायच्या महिनाभर आधी, आम्ही सात-आठ जणांनी प्रभागातल्या अकरा इच्छुकांना बोलावलं. सगळ्या पक्षांचे, हिंदूही, मुसलमानही. कागदावर चार प्रश्न: उर्दू शाळेचं स्वच्छतागृह, मागच्या गल्लीतली उघडी गटार, मुलींसाठी अभ्यासिका, दाखल्यांसाठी आठवड्यातून एक दिवस वॉर्डातच कर्मचारी. चार इच्छुक आले. चौघांनी कागदावर सह्या केल्या, एकानं तर गटारीचा खर्चही तिथल्या तिथे काढून दाखवला.

शेवटच्या दिवशी एबी फॉर्म निघाला तो बाराव्याच माणसासाठी. तो निवडूनही आला. कागद आम्ही त्याच्याकडे नेला तेव्हा त्यानं खालच्या चार सह्या निरखून वाचल्या, त्यातले दोघं त्याच्याच पक्षातले होते. मग म्हणाला, शाळेचं आधी घेऊ. स्वच्छतागृहाचं काम सुरू झालंय. गटार अजून उघडीच आहे.