केस शून्य, म्हणजे गाव सुखी?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या बहिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे. दोन वर्षांपूर्वी मी नवीन होते. समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच आले होते आणि अहवाल लिहायची फार हौस होती. प्रभागातली कोणती गावं दारूच्या त्रासातून बाहेर पडतायत, ते मला दाखवायचं होतं. मग मी काय केलं, पोलीस ठाण्यातून आकडे आणले. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून कोणत्या गावच्या किती जणांवर केस झाली, ते कागदावर मांडलं. एका गावापुढे शून्य आलं. त्या गावाचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं आणि त्यांच्याच ग्रामसंघाच्या बैठकीत कौतुकानं वाचून दाखवलं.

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. कुणी टाळी वाजवली नाही. मागे बसलेली एक मावशी म्हणाली, "पोरी, आमच्या रस्त्यावर गाडी अडवायला पोलीस कधी उभा राह्यला का, ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. नंतर विचारलं, तेव्हा कळलं की त्या रस्त्यावर वर्षभरात एकदाही नाकाबंदी झाली नव्हती. म्हणजे माझं ते शून्य गावाबद्दल काहीच सांगत नव्हतं. तिथे कुणी बघितलंच नाही, एवढंच ते सांगत होतं.

आता तुम्हाला पटेल असं सांगते. एखाद्या समूहाच्या वहीत थकबाकी शून्य दिसली, तर आपण लगेच त्याला 'अ' श्रेणी देतो का? नाही. आधी बघतो, बैठक होते का, वही वेळेवर लिहिली जाते का. वहीच लिहिली नसेल तर थकबाकी शून्यच दिसणार. पोलिसांच्या आकड्याचंही तसंच आहे. किती लोक पिऊन गाडी चालवतात, ते त्यातून कळत नाही. किती वेळा तपासणी झाली आणि त्यात किती सापडले, तेवढंच कळतं.

२०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा मुंबई पोलिसांनी तोंडाने फुंकायच्या यंत्राची तपासणी थांबवली, कारण त्यातून रोग पसरायची भीती होती. तपासणीच थांबली, तर केसेस कमी होणारच. म्हणून माणसं शहाणी झाली असं म्हणायचं का?

दुसरं उदाहरण. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. दर १०० मृतांमागे ४४ जण दुचाकीवरचे होते. सरकारी अहवालात या अपघातांची कारणं दिली आहेत. ७० टक्क्यांहून जास्त अपघात 'जास्त वेग' या रकान्यात आहेत. दारूच्या रकान्यात दोन-तीन टक्केच. आता सांगा, पिलेला माणूस सुसाट गाडी हाकतो आणि झाडावर आदळतो, तेव्हा तो कोणत्या रकान्यात जाईल? रक्त तपासलं नाही, तर 'वेग' एवढंच लिहिलं जाणार.

त्या मावशीनं मला जागं केल्यावर मी त्याच गावातल्या समूहांच्या कर्जवह्या काढून बसले. 'दवाखाना' या कारणासाठी दिलेली कर्जं बघितली आणि एकेकीला घरी जाऊन हळूच विचारलं. वर्षभरात तीन कर्जं अशी निघाली, की घरचा माणूस बाजारातून पिऊन येताना गाडीवरून पडला होता. एकाच्या पायात सळई घातली. तिघांपैकी एकाचीही पोलिसांत नोंद नव्हती. दवाखान्यात सांगितलं होतं, "कुत्रं आडवं आलं."

असं का सांगितलं जातं, ते आपल्याला माहीत आहे. लाज असते. शिवाय चालवणारा पिलेला असेल, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे विमा कंपनी नाकारते. म्हणून बाईच नवऱ्याच्या वतीनं खोटं बोलते, आणि रात्री तीच रडते. ज्या गावापुढे मी शून्य लिहिलं होतं, त्याच गावच्या आपल्या वहीत तीन घरांचं दुखणं लिहिलेलं होतं. फक्त त्याला 'दवाखाना' असं नाव दिलं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली, की तो गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ आधी पहिल्या वेळचा दंड २ हजारांपर्यंतच होता.

हे मी एका बैठकीत सांगितलं, तेव्हा एक ताई उभी राहिली. म्हणाली, "ताई, त्याला पकडलं तर दहा हजार कुठून येणार? माझ्याच कर्जातून ना? मग मी कोणत्या तोंडानं म्हणू, की पोलीस उभे करा?"

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आजही सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तिचं म्हणणं खरं आहे. दंड त्याचा आणि हप्ता तिचा, असंच होतं. पण पायात सळई घातली, त्या घरचा हप्तासुद्धा बाईच भरते आहे, आणि तो माणूस सहा महिने कामावर नव्हता. समोरून कुणाचं लेकरू आलं असतं तर? दंडाचं कर्ज फिटतं, ते नुकसान फिटत नाही. म्हणून मी म्हणते, तपासणी व्हायला हवी. पण नुसत्या पकडापकडीवर गाव सुखी आहे की नाही ते ठरवू नका. त्यासाठी आपली मोजदाद आपणच करू.

प्रत्येक ग्रामसंघानं महिन्याच्या बैठकीत चार प्रश्न विचारावेत. वहीत फक्त आकडा लिहायचा, नाव कुणाचंच लिहायचं नाही. नाव आलं की बायका बोलायच्या बंद होतील.

एक, या महिन्यात पिऊन गाडी चालवताना गावातले किती जण पडले किंवा धडकले? पोलिसांत गेलेले, न गेलेले, सगळे धरा.

दोन, दवाखान्यासाठी दिलेल्या कर्जांपैकी किती अशा कारणानं गेली?

तीन, आपल्यापैकी किती जणी पिलेल्या माणसाच्या गाडीवर मागे बसून आल्या? हा प्रश्न विचारताना हसू येईल. पण बाजारातून, लग्नातून, माहेरून येताना दुसरी सोय नसते म्हणून आपण बसतो, लेकरू मांडीवर घेऊन बसतो. हा आकडा कोणत्याच सरकारी कागदात नाही.

चार, आपल्या रस्त्यावर महिन्यात किती दिवस नाकाबंदी झाली?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पोलीस ठाण्यातून मिळतं. नुसतं विचारून मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात किती केसेस एवढंच विचारू नका. किती दिवस तपासणी केली, किती गाड्या तपासल्या, ठाण्यात फुंकायची यंत्रं किती आणि त्यातली चालू किती, हेही विचारा.

मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. तपासणी वाढली, केसेस वाढल्या आणि पडझड कमी झाली, तर घाबरू नका, काम होतंय. केसेस शून्य आणि दवाखान्याची कर्जं वाढली, तर गाव आजारी आहे, कुणी काहीही म्हणो. तपासणी नेमानं होते आणि केसेसही कमी, पडझडही कमी, मागे बसणाऱ्याही कमी, तेव्हा कुठे गाव सुधारलं म्हणायचं. तेव्हा मी स्वतः टाळ्या वाजवीन.

मोजून झालं की करायचं काय? बाजाराच्या दिवशी परतीसाठी आठ-दहा जणींनी मिळून एक गाडी ठरवा, म्हणजे मागे बसायची वेळ येणार नाही. ज्याला सोडायची आहे, त्याच्या घरच्यांना १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर द्या. गावातलं परवान्याचं दुकान नको असेल, तर किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की मतदान मागता येतं. आडवी बाटली म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि कुणी पडलेलं दिसलं, तर तो पिलेला आहे की नाही ते नंतर बघा, आधी १०८ लावा.

त्या मावशीचे मी अजून आभार मानले नव्हते, ते आज मानते. शाळा-कॉलेजात मला आकडा मांडायला शिकवलं. तो आकडा कुणी, कुठे उभं राहून मोजला, हे विचारायला त्यांनी शिकवलं. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. पहिल्या महिन्याचा आकडा वाईट आला तरी चालेल, पण खरा लिहा.